वळिवड्याचं पोलंड

कोल्हापूरकडच्या घरात लग्न ठरलं की याद्या व्हायच्या आत प्रश्न येतो, बस्ता कधी बांधायचा? आणि बस्ता म्हटलं की गांधीनगर. करवीर तालुक्यात वळिवड्याजवळची ही कापडाची घाऊक पेठ. साड्यांचे गठ्ठे, टॉवेल-टोपीचे ढीग, टेम्पोंची गर्दी, गल्लीगल्लीत सिंधी दुकानदारांच्या गाद्या. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांचा बस्ता इथंच बांधला गेला. याच जागेवर कधीकाळी पोलंड होतं, असं माझी आजी सांगायची.

आजीचं माहेर वळिवड्याच्या शेजारचं. तिच्या गोष्टींना इसवी सन नसायचं. पुराचं साल, साथीचं साल, आणि तिसरं ‘पोलंड गेलं ते साल’. त्या साली तिचा धाकटा भाऊ जन्मला होता. घरात कुणाच्या वयावरून वाद निघाला की ती या तीन खुणांवरून हिशेब लावायची आणि तो बरोबर निघायचा. पोलंड नावाचा देश युरोपात आहे हे मला शाळेत कळलं. पण तो वळिवड्यात होता हे त्याआधी कळलं होतं.

तिचे वडील माळव्याची बुट्टी घेऊन पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात जायचे. दहा वर्षांची आजी कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळत मागोमाग. तिला पहिलं नवल वाटलं ते तिथल्या बायकांचं. “गोरी बाई म्हंजे आम्हाला मडमीण म्हाईत. गाडीतनं जाणारी, हाताला माती न लागणारी. ह्या बायका आपल्यावानी धुणं बडवायच्या, सरपण फोडायच्या, माळवं घेताना पैशापैशाची घासाघीस करायच्या.” इंग्रजांच्या राज्यात वाढलेल्या त्या पोरीला गोरा माणूस गरीब असू शकतो, त्याला घर नसू शकतं, हे पहिल्यांदा वळिवड्यात दिसलं. तिथं पुरुष फारसे नव्हते. बाया, म्हातारी माणसं आणि पोरंच पोरं. “गडी कुठं हाईत म्हणून बाबांनी खुणेनं विचारलं, तर एकीनं बंदूक धरल्यागत हात केला, दुसरीनं नुसतं आभाळाकडं बघितलं.”

त्या दोन खुणांमागचा इतिहास आजीला कुणी सांगितला नाही. मी तो पुढं पुस्तकांतून जुळवला. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला हे सगळ्यांना ठाऊक असतं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोविएत फौजा आत शिरल्या, हे फार थोड्यांना. दोघांनी देश वाटून घेतला. मग १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमध्ये घराघरांची दारं वाजली. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिकांची कुटुंबं उठवली गेली. हाताशी येईल ते बांधायचं आणि निघायचं. गुराढोरांच्या वाघिणीत भरून त्यांना सायबेरियात, आर्खांगेल्स्कच्या जंगलांत, कझाकस्तानच्या माळांवर नेऊन सोडलं. जून १९४१ पर्यंत अशा चार लाटा झाल्या. खुद्द सोविएत दप्तरांतला आकडाच तीन लाखांच्या वर जातो. लाकूडतोड, भूक, टायफस. कितीतरी बाप आणि आज्या तिथल्या गोठलेल्या मातीत राहिल्या.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच चाल केली आणि पारडं फिरलं. जुलैच्या अखेरीस लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी सोविएत युनियननं करार केला. कैद्यांना सोडून त्यांची फौज उभी करायचं ठरलं. तिचे सेनापती जनरल आंदेर्स स्वतः मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून बाहेर आले. बातमी कानावर आली तशी माणसं दक्षिणेकडं निघाली, रेल्वेनं, तराफ्यांवर, पायी. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. बायका-मुलांना आसरा कुठं द्यायचा हा प्रश्न होता. काही आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला. आणि सुमारे पाच हजार जण कराचीच्या तळांवरून निघून, आगगाडीनं कोल्हापूरजवळच्या वळिवडे स्टेशनावर उतरले. ते साल १९४३.

हिंदुस्थानात याआधी नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, आपल्या बालाचडीच्या किनाऱ्यावर पोलिश अनाथ मुलांना घर दिलं होतं. त्यांची कीर्ती सर्वदूर झाली आणि ती व्हायलाच हवी. पण बालाचडीच्या कितीतरी पट मोठी वस्ती वळिवड्याची. कोल्हापूर संस्थानात तेव्हा राजाराम महाराजांच्या निधनानंतरचा काळ होता, गादीवर दत्तक बाळराजे होते. जागा संस्थानची आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा. मुंबईतले पोलिश कॉन्सल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा या दोघांनी या कामासाठी जिवाचं रान केलं. कौलारू छपरांच्या लांबच लांब चाळी उभ्या राहिल्या, प्रत्येकीला ओसरी. दवाखाना झाला, चर्च झालं, नाटकाची जागा झाली. छातीच्या दुखण्याची माणसं हवापालटाला पाचगणीला जाऊ लागली.

आणि शाळा झाल्या. आजीचा थोरला भाऊ, आमचे मामाआजोबा, कॅम्पात दुधाची किटली घेऊन जायचे. त्यांच्या सगळ्या गोष्टी फिरून शाळेवर यायच्या. “पोरांच्या पायात वाहणा न्हवत्या, पण दप्तर होतं. कुणाच्या घरी चूल पेटली का न्हाई ते नंतर, आधी घंटा. एकच पुस्तक चौघं वाचायची. आन् मास्तरणीचा दरारा असा, की दूध घालताना मीसुद्धा सरळ हुभा ऱ्हायचो.” स्वतः मामाआजोबांना तिसरीनंतर शाळा सुटली होती. ही पोरं आपल्याहून गरीब, तरी शाळेत जातात, ही गोष्ट त्यांना लागली. पुढं त्यांनी आपल्या तिन्ही मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवलं, गावात कुणी शिकवत नव्हतं तेव्हा. कारण विचारलं की म्हणायचे, “पोलंडात बघितलं होतं.”

उपाशी माणसं आधी शाळा का उभारतात, याचं उत्तर पोलंडच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास वाचताना मी थक्क झालो. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि (१७९३ वगळता) ऑस्ट्रिया यांनी पोलंड तोडून वाटून घेतला. शेवटच्या वाटणीनंतर नकाशावर पोलंड उरलाच नाही. तो परत आला १९१८ मध्ये, म्हणजे १२३ वर्षांनी. चार-पाच पिढ्या जन्मल्या आणि संपल्या, ज्यांनी स्वतःचा देश पाहिलाच नाही. या काळात देश राहिला तो घरात, ताटात, प्रार्थनेत आणि चोरून भरवलेल्या वर्गांत.

रशियाच्या ताब्यातल्या वॉर्सात १८८० च्या दशकात एक गुप्त विद्यापीठ चालायचं. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग या घरातून त्या घरात हलत असत. विद्यार्थी बहुतेक मुली, कारण मुलींना तिथल्या सरकारी विद्यापीठाचं दार बंद होतं. त्यांतली एक मारिया स्क्लोदोव्स्का, जिला जग मादाम क्युरी म्हणून ओळखतं. १८९८ मध्ये तिनं नवं मूलद्रव्य शोधलं आणि त्याला पोलोनियम नाव दिलं. पोलंड नावाचा देश तेव्हा कुठल्याच नकाशावर नव्हता. जर्मनांच्या ताब्यातल्या व्झेश्निया गावात १९०१ साली शाळकरी पोरांनी जर्मन भाषेत प्रार्थना म्हणायला नकार दिला, छड्या खाल्ल्या. शोपँ हा संगीतकार १८४९ मध्ये पॅरिसात वारला. त्याचं हृदय बहिणीनं लपवून वॉर्साला नेलं, ते आजही तिथल्या चर्चच्या खांबात आहे. १९३९ च्या नोव्हेंबरात नाझींनी क्राकोव्हच्या यागिएलोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्तानं बोलावून सरसकट अटक केली. हे विद्यापीठ १३६४ सालचं. पोलंड मोडायचा तर आधी शिक्षक मोडला पाहिजे, हे शत्रूलाही कळलं होतं. म्हणून वळिवड्यातली ती घंटा वाजायची. देश हातात नसताना देश सांभाळायचा सराव या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, आणि आमच्या गावच्या माळवेवाल्यांनी, दूधवाल्यांनी तो जवळून पाहिला.

आजीनं तो पाहिला एका संध्याकाळी. डिसेंबरचे दिवस, थंडी पडलेली. एका बाईनं कोबी सांगून ठेवला होता. या बायका कोबी मिठात आंबवून ठेवायच्या, आणि तो वास आजीला शेवटपर्यंत आठवायचा. वडिलांना यायला उशीर झाला, दिवस बुडाला. चाळीच्या ओसरीवर पोरं रांगेनं उभी राहून आभाळाकडं टक लावून बघत होती. कुणीतरी ओरडलं, बोट दाखवलं, आणि सगळी आत पळाली. पहिली चांदणी दिसली होती. आत टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली गवताच्या काड्या. मांस नाही, मासा आणि भाजीपाला. एक ताट मांडलेलं, पण त्यापुढं कुणी बसलेलं नव्हतं. त्या बाईनं दारात उभ्या असलेल्या आजीकडं पाहिलं, हाताला धरून आत नेलं आणि त्या ताटावर बसवलं. मग कागदासारखी पातळ पांढरी चकती सगळ्यांनी एकमेकांच्या हातातून मोडून घेतली. आजीच्या हातावरही तुकडा आला. “चव म्हणशील तर कायच न्हवती. पण मोडताना ती बाई रडत हुती, म्हणून मी गुमान खाल्ला.” परक्याच्या घरचं खाल्लं म्हणून आई रागावेल, या भीतीनं हे तिनं घरी कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

ती २४ डिसेंबरची रात्र असणार. पोलिश लोक नाताळापेक्षाही या रात्रीला मानतात. दिवसभर उपास, पहिला तारा दिसल्यावर जेवण. रीतीप्रमाणे बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे. चादरीखालचं गवत येशूच्या गोठ्यातल्या जन्माची आठवण. आणि एक ताट जास्तीचं, अवचित दारी आलेल्या पाहुण्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या पोलंडच्या घराघरांत हे ताट मांडलं जातं. सायबेरियातून आलेल्या त्या घरात मात्र ते न परतलेल्या बापाचंही असेल. एका अनोळखी मराठी पोरीला त्यावर बसवणं ही त्यांच्यासाठी दया नव्हती, ती त्यांची रीत होती. बेघर झाल्यावरही पाहुण्याचं ताट मांडणारी माणसं आमच्या शिवारात पाच वर्षं राहिली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मामाआजोबांच्या वाट्याला दुसरा सण आला. ईस्टरनंतरच्या सोमवारी पोलंडमध्ये एकमेकांना पाण्यानं चिंब करतात. ९६६ साली मिएश्को राजानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याच्या बाप्तिस्म्याशी लोक या पाण्याचं नातं सांगतात. त्याच्या मुळाशी वसंताच्या स्वागताची आणखी जुनी रीत असल्याचंही मानलं जातं. हे काही ठाऊक नसलेले मामाआजोबा नेहमीच्या वेळी किटली घेऊन गेले आणि दोन्हीकडून बादल्या रिकाम्या झाल्या. ते चिडले नाहीत. “आपली रंगपंचमीच की, नुसता रंग तेवढा न्हाई,” म्हणायचे. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी ते किटलीचं झाकण फडक्यानं घट्ट बांधून, स्वतःचा तांब्या भरून घेऊन गेले.

ही पोरं स्काऊटचा गणवेश घालून गाणी म्हणत पन्हाळ्याला जायची, पंचगंगेत डुंबायची, हेही मामाआजोबा सांगायचे. पन्हाळ्याच्या तटावर उभ्या राहिलेल्या त्या पोरांना एक गोष्ट कुणी सांगितली होती का, असं मला नेहमी वाटतं. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच्या काहीच दिवस आधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वॉर्साजवळच्या मोकळ्या मैदानात पोलंडच्या सरदारांनी यान सोबिएस्की या सेनानीला राजा निवडलं. हो, निवडलं. पोलंडमध्ये १५७३ पासून राजा निवडून आणायची रीत होती, हजारो सरदार मतं द्यायला जमायचे. याच सोबिएस्कीनं १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठवला. पुढं ३ मे १७९१ रोजी पोलंडनं लिखित राज्यघटना केली, युरोपातली पहिली आधुनिक घटना. शेजारच्या साम्राज्यांना ती सोसली नाही, आणि चार वर्षांत देशच संपवला गेला. ३ मे हा आजही त्यांचा राष्ट्रीय दिवस. भर उन्हाळ्यात पांढरा-लाल झेंडा घेऊन निघालेली कॅम्पातली मिरवणूक आजीला आठवायची, ती बहुधा याच दिवसाची.

तिकडं त्या मुलांचे बाप आणि भाऊ इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी माँते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश झेंडा चढला. त्याच डोंगरासाठी आधीच्या महिन्यांत हिंदी पलटणींनी रक्त सांडलं होतं. पुढं ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवरच्या जर्मन फळीवर मोठा हल्ला झाला. त्या फळीवर एका भागात पोलिश कोअर होती आणि दुसऱ्या भागात आठवी हिंदी डिव्हिजन, मराठा लाइट इन्फन्ट्रीसह. त्याच दिवशी, त्याच नदीच्या काठी अहमदनगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना खांद्यावरून वाहून आणलं आणि मशिनगनची ठाणी एकट्यानं मोडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्यातली पोलिश मुलं मराठी दूध पीत होती, आणि त्यांच्या माणसांच्या शेजारच्या आघाडीवर मराठी पोरं लढत होती. हा योग आपल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला आढळला नाही.

युद्ध जिंकलं, पण त्यांचं घर परत मिळालं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोविएतांकडेच ठेवला. कॅम्पातली बहुतेक माणसं तिथलीच. ल्वूफ, विल्नो ही त्यांची शहरं आता दुसऱ्याच देशात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. १९४६ मध्ये बालाचडीची उरलेली मुलंही वळिवड्याला आली. १९४७-४८ मध्ये वस्ती हळूहळू उठली. बरीच माणसं ब्रिटनला, सैन्यातल्या आपल्या माणसांकडं गेली. कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला, थोडी पोलंडला. काही मुलींनी इकडच्याच मुलांशी लग्नं केली आणि त्या कोल्हापूरकर झाल्या. “पोलंड गेलं,” आजी म्हणायची, आणि पुढं बराच वेळ काही बोलायची नाही.

त्या मोकळ्या चाळींत आले सिंधी निर्वासित. फाळणीनंतर ज्या कराचीच्या बंदरातून त्यांना घरदार सोडून निघावं लागलं, त्याच कराचीत पोलिश माणसं आसऱ्याला उतरली होती. गांधीनगरच्या एका जुन्या दुकानात गादीवर बसणारे काका लहानपणी या चाळींत राहिले होते. आमच्या आत्याच्या बस्त्याच्या वेळी त्यांनी सांगितलं, की त्यांच्या खोलीच्या भिंतीवर खिळ्यानं कोरलेला क्रूस होता. आईनं भिंत सारवली, पण तेवढी जागा सोडली. “देवाचं आहे, कुणाचाही असो,” असं तिचं म्हणणं. तिनं त्याच्याच शेजारी झुलेलालची तसबीर लावली. एका वस्तीनं दुसऱ्या वस्तीला दिलेला हा शेजारधर्म मला कुठल्याही करारापेक्षा मोठा वाटतो.

आठवण दोन्हीकडं जागी आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅम्पातली तेव्हाची मुलं म्हातारपणी पुन्हा वळिवड्याला आली. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर फुलं वाहिली, तेव्हा टीव्हीवर ते नाव ऐकून अनेक कोल्हापूरकर चकित झाले. त्यांना चकित व्हावं लागलं, याचंच मला वाईट वाटतं. पन्हाळा पाहायला येणाऱ्या शाळेच्या सहली वळिवड्याला का थांबत नाहीत? निर्वासित म्हणजे फक्त हात पसरणारी माणसं, असं ज्या मुलांच्या मनात भरवलं जातं, त्यांना शाळा उभारणाऱ्या आणि पाहुण्याचं ताट मांडणाऱ्या निर्वासितांची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात ऐकायला मिळाली पाहिजे.

आजी गेली, मामाआजोबा गेले. त्या काळी दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदी ओलांडून बसली आहेत. उचगाव, चिंचवाड, वळिवडे, रुकडी या पट्ट्यात ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी आज संध्याकाळीच जवळ बसावं आणि विचारावं: पोलंडच्या कॅम्पात तुम्ही काय विकलंत, काय पाहिलंत, कुणाच्या घरी काय खाल्लंत? मोबाइलवर ते बोल टिपून ठेवावेत. किती माणसं आली, कधी गेली, हे लंडनच्या आणि वॉर्साच्या दप्तरांत मिळेल. त्यांच्याशी आपण कसे वागलो, हे मात्र आपल्याच घरच्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, आणि ते लिहून ठेवणं आपलं काम आहे.